दोनदा मारलेलं मैदान

“हे काय?” मी विचारलं.

“हेडफोन,” मेकअपवाली मुलगी म्हणाली.

“ते कळलं. वर हे काय आलंय?”

“कान. मांजराचे. लाइट पण लागतो, बघ.” तिनं बटण दाबलं. दोन्ही कान गुलाबी पेटले.

मी आरशात बघितलं. अंगात गुलाबी टी-शर्ट, त्यावर चमकीनं ‘गेमर क्वीन’, गालांना गुलाबी पावडर आणि डोक्यावर हा उजेड. पाठीमागं खुर्चीवर आबा, म्हणजे माझे वडील, बसले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोक्याला फेटा. जत्रेच्या मैदानाला निघावं तसे आले होते. ते बराच वेळ त्या कानांकडं बघत होते.

“हे लावल्याबिगर खेळता येत न्हाई व्हय?”

“येतंय की. जाहिरातीला पाहिजे म्हणतात.”

“मग त्या पोराला बी लावत असतील.”

त्या पोराला काही लावत नव्हते. ते पोरगं पलीकडच्या खुर्चीत काळा टी-शर्ट घालून मोबाईल बघत बसलं होतं. निनाद त्याचं नाव, पण सगळे त्याला ‘झटका’ म्हणायचे. त्याचे खेळतानाचे व्हिडिओ लाखो लोक बघायचे. मीही बघायची. तो कधी उडी मारतो, कधी दबा धरून बसतो, मला तोंडपाठ होतं. आणि अजून तासाभरानं पुण्यातल्या त्या मॉलमध्ये, शेकडो लोकांसमोर, मी त्याच्याशी खेळणार होते.

“मी हे घालणार नाही,” मी त्या मुलीला म्हटलं.

तेवढ्यात रेवती मॅडम आल्या. कंपनीच्या जाहिरातीचं सगळं त्याच बघायच्या. ही कंपनी गेम खेळायचे कंट्रोलर विकायची आणि त्या दिवशी खास मुलींसाठी म्हणून गुलाबी कंट्रोलर बाजारात आणणार होती. आतून तोच, वरचं प्लास्टिक तेवढं गुलाबी. डब्यावर लिहिलेलं, ‘तुझ्या नाजूक हातांसाठी.’ माझे हात बघितले असते त्यांनी तर डबा परत छापला असता.

“तेजस्विनी, घाल ना गं. किती गोड दिसतेयस!”

“मॅडम, मी खेळायला आलोय.”

“आलेय,” त्या हसून म्हणाल्या. “स्टेजवर ‘आलोय’ नको हं म्हणूस. आपल्या मुलींना ते आपलंसं नाही वाटणार.”

आमच्या कोल्हापुरात बायका ‘आलोय, गेलोय’च म्हणतात, त्याला मी काय करू? पण मी कान घातले. त्याला कारण खुर्चीत बसलेले आबा.

राजारामपुरीत माझ्या मामाचं गेम पार्लर होतं. कॉलेज सुटलं की मी गल्ल्यावर बसायची. दोघांनी समोरासमोर खेळायची एक हाणामारीची गेम तिथं सगळ्यात जास्त चालायची, आणि एकट्यानं आलेल्या गिऱ्हाइकाला जोडीदार लागायचा. तो जोडीदार मी. मामाच्या पार्लरचा नियम एकच, हरला तो उठला आणि जिंकला तो बसला. सुरुवातीला मी उठायची. मग बसायला लागले. पुढं पुढं तर पोरं दारातूनच विचारायची, “तेजा हाय काय आत? मग ऱ्हाऊ दे, उद्या येतो.” मामा कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, “अगं भवाने, एखादी तरी हार की! धंदा बसवतीस काय माझा?”

त्या गेममध्ये एक टकला, थोराड पैलवान होता. हळू चालतो म्हणून त्याला कुणी घ्यायचं नाही. मी त्यालाच धरून बसले. जवळ पोचेपर्यंत मार खायचा, पण एकदा का समोरचा हाताला लागला, की सुट्टी नाही.

आबांना यातलं काही पटायचं नाही. ते तरुणपणी स्वतः लाल मातीत खेळलेले आणि नंतर कागल-मुरगूडकडच्या जत्रांत कुस्तीचे पंच. त्यांचा शब्द म्हणजे शेवट. “अंगाला माती न्हाई, घाम न्हाई, ही कसली झुंज?” असं म्हणायचे. पार्लरची पायरी ते कधी चढले नाहीत. मी जिंकून घरी यायची, सांगायची, तर “बरं बरं, जेव आता.” एवढंच. अहो, चीड यायची मला! भावानं तालमीत एक डाव बरा टाकला तर गल्लीभर सांगत हिंडायचे.

मग या कंपनीनं कोल्हापुरात स्पर्धा घेतली. सगळ्यांना खुली. मी सगळ्या पोरांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी रेवती मॅडमचा फोन, “मुलगी जिंकली! आम्हाला अशीच स्टोरी हवी होती!” पुण्यात झटकाबरोबर एक सामना आणि नंतर कंपनीच्या टीममध्ये जागा. घरी सांगितलं तेव्हा आबा पहिल्यांदा ताटावरून मान वर करून म्हणाले, “मी येतो. डोळ्यांनी बघतो. जिंकलीस तर मानीन.”

टीमबिम सगळं ठीक होतं. पण मला पाहिजे होतं ते हे. आबांनी बघावं आणि मानावं. त्यासाठी मी मांजराचेच काय, गाढवाचे कान घातले असते.

स्टेजवर गेलो. खाली माणसंच माणसं, सगळी “झटका! झटका!” करत होती. आबा पहिल्या रांगेत. एका गेमिंग चॅनेलचा अँकर माइक घेऊन उड्या मारत होता. त्यानं आधी निनादला विचारलं, यंदा तुझा बचाव एवढा पक्का कसा झाला, कोपऱ्यात सापडल्यावर सुटतोस कसा. निनाद बोलला, चांगलं बोलला. मी कान देऊन ऐकत होते. मग अँकर माझ्याकडं वळला.

“तर क्वीन, सांग, घरच्यांचा विरोध झाला का?”

“नाही.”

“बॉयफ्रेंडला हरवतेस का?”

“ज्याला त्याला हरवतो.”

“ओहो! आणि खेळताना नखं तुटत नाहीत?”

“नखं मी खातो,” मी म्हटलं. लोक हसले. रेवती मॅडम कडेला उभ्या राहून कपाळ चोळत होत्या.

आम्ही बसलो. पडद्यावर खेळाडू निवडायची वेळ आली. मी माझ्या पैलवानावर गेले, तर मॅडम वाकून कानात म्हणाल्या, “हा नको. ती घे. पोस्टरवर तीच आहे.”

ती म्हणजे निळ्या केसांची एक बाई. कमरेला हातरुमालाएवढं कापड, आणि मार बसला की असं काही कण्हायची, की आबांसमोर मला मान खाली घालावीशी वाटली.

“मॅडम, हिला मी कधी खेळलेलो नाही. हिचे डावसुद्धा येत नाहीत मला.”

“काही फरक पडत नाही गं. होतं सगळं नीट.”

फरक कसा पडत नाही? तुम्ही धावणाऱ्याला दुसऱ्याची चप्पल देता आणि म्हणता फरक पडत नाही! पण समोर कॅमेरे लागले होते, वेळ नव्हता. घेतली ती निळी.

सामना तीन फेऱ्यांचा. पहिली मी हरले, ते बरोबरच होतं. दुसरीत मी काय करतेय ते मलाच कळत नव्हतं, हाताला येईल ते बटण दाबत होते. आणि तरी त्याची ताकदीची पट्टी कमी व्हायला लागली. पडद्यावर वर ज्याची पट्टी संपते तो पडतो, एवढं मी आबांना येताना एसटीत समजावलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, “संपत आली! त्याची संपत आली!” दुसरी मी जिंकले. तिसरीत निनाद माझ्यासमोर नुसता उभा राहिला. मी लाथ मारली, लागली. परत मारली, परत लागली. जो माणूस कोपऱ्यातून भल्याभल्यांना चकवून सुटतो, तो एकच लाथ सात वेळा खातो? पट्टी संपली. मोठा आवाज झाला, वरून गुलाबी कागदाचे तुकडे पडले.

आबांनी फेटा काढून हवेत उडवला. “शाब्बास गं माझ्या वाघिणी!” ते ओरडत होते. बाजूच्या माणसाचा दंड धरून सांगत होते, “माझी लेक हाय! कोल्लापूरची!” डोळ्यांतून पाणी. आयुष्यात मी हे बघायची किती वाट बघितली होती, आणि आता मी निनादकडंच बघत होते.

निनादनं हात पुढं केला. मी हळू विचारलं, “मुद्दाम सोडलीस?”

“अगं, स्क्रिप्टच आहे ना,” तो म्हणाला. “तुला सांगितलं नाही त्यांनी? मला म्हणाले दुसरी आणि तिसरी दे. चिल कर, मस्त झालं.”

चिल कर म्हणे.

आमच्याकडं ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. दोन पैलवान आधीच बोलून ठेवतात, तू पड, मी उठतो, लोकांना दाखवू नुसतं. एका जत्रेत आबांनी दोन नावाजलेले गडी असे पकडले होते. दोघांच्या दंडाला धरून त्यांनी मैदानाबाहेर काढलं. गावचे पुढारी मध्ये पडले, आबा ऐकले नाहीत. “हरलेल्याला मैदानात जागा हाय, नुरा खेळणाऱ्याला न्हाई,” असं म्हणाले होते. आणि आज त्याच माणसाला या लोकांनी लेकीच्या नुरा कुस्तीवर फेटा उडवायला लावला. माझ्या डोक्यात जाळ झाला.

अँकरनं माइक पुढं केला. “क्वीन, कसं वाटतंय?”

मी कान काढले आणि गळ्यात अडकवले. “ही कुस्ती नुरा होती,” मी म्हटलं. “ह्यानं मुद्दाम सोडली. ह्याला तसं सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं. मी हे मान्य करत नाही.”

आबांचा हात वर होता तो खाली आला. रेवती मॅडम धावत आल्या, माझ्या दंडाला धरलं. “काय करतेयस? लाइव्ह चाललंय!”

“चालू दे. मला ह्याच्याशी परत खेळायचंय. माझ्या पैलवानानं. खरं.”

“तेजस्विनी, ऐक. मुलींना जिंकताना बघायला आवडतं. तू हरलीस तर एक मुलगी तो कंट्रोलर घेणार नाही. आम्ही हे तुझ्यासाठीच केलंय!”

“मी हरणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

कोल्हापूरच्या स्पर्धेत मी कशी खेळले ते त्यांनी बघितलेलंच नव्हतं. मुलगी आहे, एवढंच बघितलं होतं. बाईच ती पण, आणि तिलाही वाटलं नाही, की हिला जिंकता येत असेल!

तोवर मागून कुणीतरी ओरडलं, “होऊ दे की मग!” दुसरा ओरडला. सगळेच ओरडायला लागले. निनादचा चेहरा पडला होता, त्यालाही लोकांसमोर नाही म्हणता येईना. खुर्ची ओढून बसला. “बघ हं, आता रडायचं नाही,” मला म्हणाला.

मी पैलवान घेतला.

पहिली फेरी त्यानं मारली. वादळासारखा आला, मला श्वास घेऊ दिला नाही. दुसरीत मी मार खात खात पुढं सरकले, सापडला, उचलून आपटला. परत आपटला. फेरी माझी. आता त्याच्या कपाळावर घाम, दात ओठावर. तिसऱ्या फेरीत त्यानं मला कोपऱ्यात कोंडलं. माझी पट्टी बोटभर राहिली होती, त्याची दोन बोटं. मला माहीत होतं, शेवटचा घाव घालायला हा उडी मारतो. प्रत्येक व्हिडिओत मारतो. मी बटणावर बोट ठेवून नुसती थांबले. त्यानं उडी मारली. मी हवेतच धरला आणि खाली आणला.

निनादनं कंट्रोलर टेबलावर आपटला. एक सणसणीत शिवी दिली, आईवरची. मला एवढा आनंद झाला ती शिवी ऐकून! खरं हरल्याशिवाय माणसाच्या तोंडून तशी शिवी येत नाही.

मी उठून उभी राहिले. पण खाली टाळ्या नव्हत्या. लोक एकमेकांकडं बघत होते. मग अँकर पुढं झाला, हसत हसत. त्याला कार्यक्रम सावरायचा होता.

“वा वा वा! काय ड्रामा! मंडळी, फसलात की नाही? आधी नाही नाही म्हणायचं आणि मग दुसऱ्यांदा जिंकायचं! झटका, भावा, तुझं मन केवढं मोठं! एका मुलीसाठी दोनदा हरलास!”

आणि लोक हसले. सुटल्यासारखे हसले. “ॲक्टिंग भारी केली रे!” कुणीतरी ओरडलं. मग टाळ्या पडल्या, केवढ्या पडल्या.

अँकरनं माइक निनादकडं दिला. मी त्याच्याकडं बघितलं. सगळ्या जगात दोघांनाच माहीत होतं काय झालं ते, मला आणि त्याला. एक वाक्य पुरलं असतं. ‘ही खरी हरलो’, एवढंच. त्यानं माझ्याकडं बघितलं, खाली लोकांकडं बघितलं, केसांतून हात फिरवला.

“लेडीज फर्स्ट, भाई,” तो म्हणाला.

मॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

मी माइक ओढला त्याच्या हातातून. “खोटं बोलतोय हा!” मी ओरडले, पण माइक बंद केला होता. माझं तोंड नुसतं हलत असणार. पहिल्या रांगेत आबा उभे होते. फेटा काखेत. ते टाळ्या वाजवत होते, पण हळू, आणि इकडंतिकडं बाकीच्यांची तोंडं बघून.

मागं खोलीत रेवती मॅडम चिडलेल्या असतील असं मला वाटलं होतं. त्या खुशीत होत्या. “अगं, व्हायरल होणार हे! लोकांना दुसरीपण स्क्रिप्टेडच वाटली. आधीपेक्षा छान झालं. मंगळवारी फोटोशूट आहे, टीमचं. कान घेऊन ये.”

“दुसरी खरी होती, मॅडम.”

“हो गं, माहितीये मला,” त्या मोबाईलवरून नजर न काढता म्हणाल्या. “पण त्यानं काय फरक पडतो?”

मी त्यांच्यासमोरच गुलाबी टी-शर्ट उतरवला आणि माझा कुर्ता घातला. टी-शर्ट, कान, तो नाजूक हातांचा डबा, सगळं त्यांच्या पायाशी टाकलं. “मॅडम, तुमची टीम तुम्हाला लखलाभ. आमच्याकडं तमाशातली बाईसुद्धा आपल्या पायानं नाचते, तिच्या वतीनं दुसरं कोण नाचत नाही.” त्यांना कळलं की नाही कुणास ठाऊक. त्यांच्या मोबाईलवर फोन आला होता.

स्वारगेटहून आम्ही कोल्हापूरची गाडी धरली. आबा खिडकीशी बसले. खंबाटकी घाट गेला, सातारा गेलं, त्यांची नजर बाहेरच होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. हा डाव कसा, ती उडी कशी, मी कशी थांबले. विचारतील, मग सांगेन. एकदा विचारू देत फक्त.

कऱ्हाडच्या अलीकडं गाडी चहाला थांबली. आम्ही बाकड्यावर बसलो. आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “तेजा, रागावू नगंस. एक इचारू?”

“विचारा की.”

“दुसरी तरी खरी व्हती न्हवं?”

ज्या माणसानं पहिल्या खोट्या कुस्तीला डोळे मिटून फेटा उडवला होता, तो खऱ्या कुस्तीनंतर मला हे विचारत होता. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा कसा येणार? मला त्या रेवतीचा, त्या अँकरचा, त्या झटक्याचा असा राग आला, की हातातला कप मी बाकड्यावर आपटला.

“खरी होती, आबा. आईची शपथ. खरी होती.”

त्यांनी बशी तोंडाला लावली. सावकाश प्याले. खाली ठेवली.

“तू म्हणतीस म्हंजे असंल,” म्हणाले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मामाचं पार्लर मी चालवते. तो व्हिडिओ अजून फिरतो, खाली लोक ‘क्यूट’ असं लिहितात. लिहू देत. पण आबांनी हजारभर कुस्त्यांचा निकाल दिला. चीत तर चीत, नाहीतर बरोबरीत सोडवली. ‘असंल’ असं ते कुठल्याच कुस्तीला म्हणाले नाहीत, फक्त माझ्या. गेल्या साली ते गेले, आणि जाईपर्यंत त्यांनी तो विषय परत काढला नाही.